आगळाचं प्रभुभोजन

माझ्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं एकही पाप नव्हतं, हे माझ्या सतराव्या वर्षातलं सगळ्यात मोठं दुःख. आता कुणी विचारलं तर वहीची दोन्हीकडची पानं पुरणार नाहीत, पण तेव्हा मी खरंच तसं समजत होते. माझं लग्न लवकर झालं, लेकीनं माझ्याहून घाई केली, त्यामुळे गुडघे कुरकुरायच्या आधीच मी आजी होऊन बसले आहे. नात मांडीवर पालथी पडून माझं पेन ओढते आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तिचा दोष, आणि गोष्ट वाकडी वाटली तर माझा.

आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचो. पप्पा वीजघरात मशीनवर. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, सगळी मिळून चौदा घरं, त्यातली पाच कॉलनीत, बाकीची चिपळूण, लोटे, खेड अशी विखुरलेली. मंदिर नव्हतं. दोन रिकाम्या क्वार्टरांमधली भिंत पाडून हॉल केला होता, आणि पुढच्या भिंतीवर क्रूस लावला होता, तो पूर्वीच्या बिऱ्हाडाच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर. घंटाही नव्हती. चिपळूणहून येणारी एसटी वळणावर घरघरली की उपासना सुरू व्हायची; गाडी पंक्चर झाली तर देवही थांबायचा. पप्पा मंडळीचे सेक्रेटरी, आणि पेटीही तेच वाजवत. पेटीची एक पट्टी आत रुतली होती, त्यामुळे गाणं कुठलंही असो, मागे एक बारीक सूर अखंड रडत असायचा. मुंबईच्या एका चर्चमध्ये मी पहिल्यांदा चांगला ऑर्गन ऐकला, तेव्हा काहीतरी कमी आहे असंच मला वाटत राहिलं.

रविवारी सकाळी आई बांगड्यांना हळद, मीठ आणि आगळ चोळून ठेवायची आणि मग उपासनेला निघायची. कोकमांना मीठ लावून जो रस सुटतो तो आगळ. आमच्याकडे माशाला तोच, सोलकढीला तोच. उपदेश लांबला की आईचा जीव बांगड्यांत अडके, कारण आमच्या मागच्या दाराची कडी मांजरीलाही उघडता यायची. पाळकसाहेब "आणि आता तिसरा मुद्दा" म्हणाले की आईचा उसासा शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू येई, आणि माणसं म्हणत, "काय ती बाई तल्लीन होते!" आमच्या फडताळात आगळाची बाटली आणि गोड कोकम सरबताची बाटली शेजारी शेजारी असायची. दोन्ही सारख्याच जुन्या बाटल्या, दोन्हींचा रंग तोच. आई वास घेऊन ओळखायची. मी घाईतली मुलगी होते.

पाळकसाहेब घाटावरचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुंभार्ली घाट उतरून यायचे, वळणांनी हिरवे झालेले, तोंडात आवळासुपारी. त्या दिवशी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. इथे द्राक्षं कुठली? तेव्हा खेडच्या बाजारातून काळ्या मनुका आणायच्या. दुकानदार हमीदचाचा मनुका कशासाठी हव्यात ते ओळखून होते. "देवाच्या घरचं काम आहे, देठवाल्या देणार नाही," म्हणत स्वतः निवडून द्यायचे. त्या मनुका शनिवारी उकळायच्या, कुसकरायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. हे काम मार्थामावशीचं. मार्थामावशी म्हणजे कॉलनीच्या दवाखान्यातली आया, विधवा, मूळची खेडकडची. हॉलची चावी तिच्या कमरेला असायची. ती झाडायची, मेज पुसायची, दिवे बघायची. तिच्या हातचं आगळही चांगलं. कॉलनीतल्या निम्म्या घरांत तिनंच दिलेल्या बाटल्या होत्या.

आणि मला त्या रसाची चव माहीत नव्हती! दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर मंडळीसमोर विश्वासाची कबुली द्यायचा विधी, झाल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजाकडे जायचं नाही, हा नियम. सतरा वर्षं मी मोठ्यांना तो प्याला ओठाला लावून डोळे मिटताना पाहत होते. शनिवारी मनुका उकळल्याचा वास आमच्या खिडकीपर्यंत यायचा. एप्रिलमधल्या एका शनिवारी मेजावर पांढरी चादर अंथरायला मी मावशीकडून चावी घेऊन गेले. कपाटात बाटली होती. आधी बोट बुडवलं. मग झाकणभर. मग, आता अर्धवट काय ठेवायचं, असा प्रामाणिक विचार करून मी बाटली तोंडाला लावली आणि गळ्यापर्यंत भरलेली बाटली तळाशी चार बोटं उरली तेव्हा भानावर आले. एवढं गोड, एवढं दाट मी काही प्यायले नव्हते. माणसं डोळे का मिटतात ते कळलं.

मग घाम फुटला. धावत घरी गेले, फडताळातून सरबताची बाटली उचलली, धावत परत आले आणि रसाची बाटली भरून टाकली. रंग जुळला. झाकण लावलं, चादरीवर पडलेले दोन थेंब आत दुमडले, चावी परत केली.

ती बाटली सरबताची नव्हती.

रविवारी पाळकसाहेबांनी प्याला उचलला, आशीर्वाद म्हटला आणि पहिला घोट घेतला. ते थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घाटावरचा माणूस, नुसतं आगळ आयुष्यात कधी प्यायला नसावा. पण थुंकणार कुठं? घोट गिळून त्यांनी प्याला पुढे दिला. एकामागून एक माणसं पुढे येत होती आणि खारट आंबट रसानं तोंड वाकडं करून, मान हलवत, डोळे पुसत जागेवर परतत होती. लोट्याच्या शमुवेलकाकांना तर हुंदका फुटला. एकानंही शेजाऱ्याला विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, चव आपल्यालाच अशी लागते आहे आणि ती आपल्याच पापाची असणार. त्या दिवसाइतका पश्चात्ताप आमच्या मंडळीत त्याआधी झाला नाही, त्यानंतरही नाही.

हॉलबाहेर चपला घालताना मात्र नथनेलकाका, आमचे ज्येष्ठ पंच, हळूच पप्पांना म्हणाले, "सेक्रेटरी, प्रभूचा प्याला... जरा सोलकढीसारखा नव्हता का?"

झालं. पंचांची बैठक बसली. निकाल दहा मिनिटांत लागला: मनुका मार्थाबाईंच्या नातवंडांच्या पोटात गेल्या आणि बाटलीत त्यांच्या घरचं आगळ आलं. आगळ कोण करतं? मार्थाबाई. चावी कुणाकडे? मार्थाबाईंकडे. चादर अंथरायला चावी मी नेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सेक्रेटरीच्या मुलीवर संशय घ्यायची आमच्या मंडळीत पद्धत नव्हती. मावशीला विचारलं. ती म्हणाली, "रस मी केला, बाटलीत भरला. फुडचं मला नाय म्हाईत." एवढंच. तिनं चावी काढून मेजावर ठेवली. चावी आणि मनुकांचं काम आमच्या आईकडे आलं, आणि आई त्या दिवसापासून कमरेची चावी दिसेल असा पदर घेऊ लागली.

मावशी उपासनेला येत राहिली, पण बसायची दाराजवळ, चपलांच्या शेजारी. पुढच्या महिन्यात प्याला निघाला तेव्हा ती उठली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आमच्याकडे रीत अशी की कुणाशी मन फाटलेलं असेल तर आधी समेट करायचा, मग मेजाकडे यायचं. बायका कुजबुजल्या, "पंचांवर रागावल्येय. केवढा तो गर्व!" वीस वर्षं ज्या प्याल्यासाठी तिनं मनुका गाळल्या, तो तिच्या समोरून जायचा आणि ती मान खाली घालून बसायची.

आणि मी काय करत होते? मी मरणाची वाट पाहत होते. अयोग्य रीतीनं प्याला पिणारा आपल्यावर दंड ओढवून घेतो, हे दर महिन्याला मोठ्यानं वाचलं जाई. आठवडाभर मी झोपताना केस विंचरून, धुतलेले कपडे घालून झोपायचे. प्रेत नीटनेटकं असावं. नारळाखालून मुद्दाम हळू चालायचे. देवाला संधी द्यावी म्हणून एकदा पोफळीच्या रस्त्यावर ट्रकच्या जवळूनही गेले. काही होईना. वीज पडेना, पोटसुद्धा दुखेना. उलट रंग उजळला असं आई म्हणाली. तेव्हा मी विचार केला. मी मेले नाही, त्याअर्थी देव बघत नाही. बघत नाही, त्याअर्थी नसावा. मोठमोठ्या माणसांना ग्रंथ लिहून जिथे पोचता आलं नाही, तिथे मी एका बाटलीत पोचले. देव काय करतो याचा मी एवढा तपास केला, पण दाराजवळ मार्थामावशी काय करते, तिकडे एकदाही नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तपास लवकर संपला असता.

दसऱ्याच्या सुट्टीत आमच्याकडे मंडळीचा विश्वास पुन्हा चेतवायला तीन दिवसांच्या उज्जीवन सभा ठरल्या, आणि शेवटच्या दिवशी, रविवारी, दृढीकरण. उमेदवार दोन: मी, आणि शमुवेलकाकांचा दानीएल. सभांसाठी मुंबईहून एक प्रचारक आले, सफारी सूट, हातात माइक, बरोबर कीबोर्ड वाजवणारा एक भाचा. त्या वर्षी सगळीकडे एकच बोलणं होतं, दोन हजार साल लागलं की जग बुडणार. प्रचारकसाहेब गरजले, "जगबुडी जवळ आली आहे!" तेव्हा खेडची माणसं एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्या गावातून जगबुडी नावाचीच नदी वाहते आणि पाणी चढलं की बाजारातही येते. त्यांना ही बातमी जुनी होती.

प्रचारकसाहेबांनी फर्मान काढलं की दृढीकरण घेणाऱ्यानं सर्वांसमोर साक्ष द्यावी. मी कुठे होतो, प्रभूनं मला कुठून उचललं. "गुळमुळीत साक्ष नको," ते म्हणाले, "सैतानाला घाम फुटला पाहिजे!" आमच्यात साक्षीचा राजा म्हणजे शमुवेलकाका. लोट्याच्या कंपनीत पाळीवर कामाला, पूर्वी प्यायचे, मग सुटली. खरी गोष्ट, आणि मोठी. पण ती त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की सांगताना दारू वाढत गेली. मी लहान असताना क्वार्टर होती. त्या वर्षापर्यंत दिवसाला दोन खंबे झाले होते. त्यांची बायको खालून पुटपुटायची, "एवढी परवडत व्हती कुणाला?"

दानीएलला तर फुरसं चावलं होतं. आदल्या वर्षी भातकापणीला मामाकडे गेला असताना पायाला चावलं, चार दिवस दवाखान्यात, आणि जगला. घोट्यावर दोन ठिपके होते, ते दाखवायला तो पँट दुमडून ठेवायचा. मला त्या फुरशाचा हेवा वाटला. मी जन्मापासून ख्रिस्ती, परीक्षेत दुसरी, मला कुणी कधी चावलंही नव्हतं. मग सुचलं: नास्तिकपणा! आहेच की माझ्याकडे, जवळजवळ सहा महिन्यांचा, घरचाच. कारण तेवढं सांगायचं नाही. तीन दिवस मी न्हाणीघरातल्या आरशासमोर तालीम केली. "मी अंधारात चाचपडत होते" इथे आवाज खाली. "देव नाही, असं मी म्हटलं" इथे थांबायचं, तीन मोजायचे. "पण तो मला शोधत होता" इथे रडायचं. रडू नाही आलं तर ओढणी. आई बाहेरून ओरडायची, "एस्तू, पाणी तापून थंड झालं गो, आत काय करतेस?"

रविवारी हॉल भरला होता. दानीएलनं फुरसं सांगितलं, घोटा दाखवला, पुढच्या बायकांनी वाकून पाहिला. मग मी उठले. अंधार, चाचपडणं, सगळं बरहुकूम. "देव नाही, असं मी म्हटलं," म्हणाले आणि तीन मोजले. हॉलमध्ये सुस्कारा उठला. सेक्रेटरीची मुलगी नास्तिक! पप्पांचा हात पेटीवरून निसटला आणि त्या रुतलेल्या पट्टीचा सूरसुद्धा बंद पडला. कुणीतरी "हल्लेलुया" म्हणालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शमुवेलकाकांच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट मत्सर पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद त्यापूर्वी झाला नव्हता.

प्रचारकसाहेब पुढे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धन्य, मुली! आता मंडळीला सांग, एवढ्या चांगल्या घरातल्या लेकराच्या मनात हा अविश्वास शिरला कसा? कॉलेज? सिनेमा? संगत?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. कॉलेज म्हणायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. मार्थामावशी माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. बस यायची वेळ झाली की आपण वळणाकडे बघतो ना, तशी बघत होती. माझ्या तोंडातून बाहेर आलं, "मनुकांच्या रसानं."

"काय?"

"एप्रिलमधला रस मी प्यायले. सगळा. आणि बाटलीत आमच्या घरचं आगळ ओतलं. मला वाटलं सरबत आहे. मार्थामावशीनं काही केलं नाही. मी मरेन असं वाटलं होतं. मेले नाही, म्हणून... म्हणून देव नाही असं वाटलं."

इथे रडू यायचं ठरलं होतं त्याच्या आधीच आलं, आणि ओढणीची गरज लागली नाही.

आता खरी गंमत ऐका. सैतानाच्या पाशात सापडलेल्या, देवाला नाकारणाऱ्या मुलीला ज्या मंडळीनं दोन मिनिटांपूर्वी उराशी धरलं होतं, ती रसाचं नाव निघताच ताडकन उठली. "म्हणजे ते आगळच होतं?" "मला तीन दिवस पित्त झालं!" "मी तर त्या दिवसापासून उपास धरला, मला वाटलं माझंच काही चुकलं!" शमुवेलकाका म्हणाले, "आणि मी रडलो, ते काय आगळानं?" नथनेलकाका म्हणाले, "नास्तिक होतीस ते समजू शकतो. तरुण वय आहे. पण प्रभूच्या रसात आगळ? आणि तेही न विचारता?" विचारून ओतलं असतं तर चाललं असतं की काय, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. प्रचारकसाहेबांनी भाच्याला खूण केली आणि कीबोर्ड उगाचच वाजू लागला. पाळकसाहेब तेवढे रागावले नाहीत. म्हणाले, "मला वाटलं, घाटात पोट ढवळलं म्हणून चव तशी लागली." आणि ते हसले. पाळकाला उपासनेत हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मावशी उठून पुढे आली. पंच बाजूला झाले. तिनं माझ्या हनुवटीला धरलं.

"व्हट काळे व्हते गो तुजे त्या दिवशी. चावी द्यायला आलीस तेव्हाच दिसलं मला."

"मग सांगितलं का नाहीस?" हे पप्पांनी विचारलं.

"मी कशाला सांगू? तोंड तिला हाय की. म्हटलं पोर हाय, सांगंल चार दिसांत. सहा महिने दारात बसून वाट बगितली, आणि आज उठून सांगतंय काय, तर देवच नाय!" ती पंचांकडे वळली. "तुमच्यावर नव्हता माझा राग. तुमी काय, तुमी पंचच. हिच्याशी समेट नव्हता झाला, म्हणून नाय घेतला प्याला."

माझं दृढीकरण सहा महिने पुढे ढकललं गेलं. दानीएलचं झालं. मी खाली जाऊन बसले, कुठे जागा नव्हती म्हणून दाराजवळ, चपलांशेजारी, आणि मावशी मेजाकडे गेली. पाळकसाहेबांनी प्याला दिला. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तिनं डोळे मिटले, घोट घेतला, गिळला, डोळे उघडले आणि आमच्या आईकडे बघून, भरल्या हॉलमध्ये म्हणाली, "पातळ हाय."

आईनं त्याच दिवशी चावी परत केली. पदरही जागेवर आला.

पुढचे सहा महिने दर पहिल्या शनिवारी मला मावशीच्या चुलीपुढे उभं राहायची शिक्षा होती. मनुका निवडायच्या, कुसकरायच्या, गाळायच्या. पहिल्याच शनिवारी मी विचारलं, "मावशी, देवानं मला मारलं का नाही?" ती फडकं पिळत म्हणाली, "त्याला दुसरी कामं नायत व्हय?" एवढ्या वर्षांत मी पुष्कळ उपदेश ऐकले, काहींत तिसरा मुद्दा होता, काहींत सातवा. त्या प्रश्नाला याहून बरं उत्तर मला मिळालं नाही. शंका अजून आहेत. काही रविवारी भरून येतात, काही रविवारी विरतात. पण शंका आली की मी आधी आठवून बघते, मी कुणाचं काही लाटलं आहे का आणि कोण दाराजवळ बसलं आहे. बहुतेक वेळा कुणीतरी असतंच.

आता रत्नागिरीत आमच्या मंडळीचा रस मी करते. हल्ली तयार बाटल्या मिळतात, पण मी मनुकाच उकळते, मूठभर जास्त घालते आणि कपाटाला कुलूप लावत नाही. शनिवारी भरून ठेवलेली बाटली रविवारी चार बोटं कमी असते. आमचे तरुण पाळक सायन्सवाले आहेत; ते म्हणतात, इथल्या उकाड्यात बाष्पीभवन होत असेल. मी रविवारच्या शाळेतल्या पोरांचे ओठ बघते आणि म्हणते, आमेन.